सृष्टीचे श्रवण : असिसी, रायतूर आणि वसई

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला १६६४ या सालाची आठवण कोणी ना कोणी करून देतोच. शेजारी थट्टेने करून देतात, शाळेत मुलांचे सोबती करून देतात. आणि चार पिढ्या तापीचे पाणी प्यायलेले आपण किंचित ओशाळून, किंचित अभिमानाने हसतो आणि विषय बदलतो. त्या जानेवारीतील धामधुमीची एक लहानशी हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाही. बर्निए या फ्रेंच प्रवाशाने ती नोंदवून ठेवली आहे. शहरातील धनिकांच्या हवेल्या फुटत असताना फादर अँब्रोज नावाच्या एका कापुचिन साधूच्या निवासाला शिवाजी महाराजांनी धक्का लागू दिला नाही. फिरंगी पाद्री भले लोक आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, असा महाराजांचा अभिप्राय होता, असे बर्निए सांगतो.

हे कापुचिन म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या संघातून सोळाव्या शतकात निघालेली, मूळच्या अकिंचन वृत्तीकडे परत जाऊ पाहणारी शाखा. याच शाखेच्या फ्रान्स्वा-मारी या साधूने १७०३ च्या सुमारास सुरतेत हिंदुस्तानी भाषेचा एक हस्तलिखित कोश सिद्ध केला. परक्या भाषेचा कोश पहिल्यांदा करावयाचा तर बाजारात, धक्क्यावर, ओसरीवर बसून माणसांचे बोलणे दिवसेंदिवस ऐकावे लागते. असिसीच्या त्या संताचे अनुयायी आपल्याच गावात ऐकत बसले होते, ही गोष्ट आम्हांस फार उशिरा कळली. प्रस्तुत लेख या ऐकण्याविषयी आहे.

त्यास निमित्त झाले एका काव्याच्या अष्टशताब्दीचे. संत फ्रान्सिस यांचे सृष्टिस्तोत्र १२२५ च्या सुमारास रचले गेले. २०२५ मध्ये त्यास आठशे वर्षे झाली. त्या निमित्ताने ते वाचीत असता आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे की, पर्यावरण ही आपल्या काळाची चिंता. ती आठशे वर्षांपूर्वीच्या साधूंच्या तोंडी घालणे हे पुराणांत विमाने शोधण्याच्या जातीचे आहे. आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही.

आक्षेपातील सत्य प्रथम मान्य करू. 'इकॉलॉजी' हा शब्दच मुळी १८६६ साली हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने घडविला. मध्ययुगातील साधूंना भूजलाची पातळी ठाऊक नव्हती, अन्नसाखळी ठाऊक नव्हती. इतकेच नव्हे, तर ज्या युगात फ्रान्सिस पाखरांशी बोलत होते त्याच युगात सिस्टर्शियन संघाचे मठवासी युरोपातील अरण्ये तोडून आणि दलदली आटवून शेती वाढवीत होते, आणि तेही प्रार्थना म्हणत. १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने एक निबंध लिहून पर्यावरणाच्या आजच्या संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, असा आरोप केला. सृष्टी माणसाच्या उपयोगासाठी निर्माण झाली, ही समजूत त्या विचाराने दृढ केली, असे त्यांचे प्रतिपादन होते. मौज अशी की, त्याच निबंधाच्या अखेरीस त्यांनी पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत म्हणून फ्रान्सिस यांचे नाव सुचविले, आणि १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तशी अधिकृत घोषणाही केली. एकाच परंपरेत रोगही सापडावा आणि औषधही सापडावे, याचा अर्थ काय?

आमच्या मते याचा अर्थ असा की, त्या परंपरेत पर्यावरणाचे ज्ञान शोधू नये. तेथे एक सवय शोधावी. ती सवय श्रवणाची. जेथे ती होती तेथे सृष्टीशी नाते जडले. जेथे ती सुटली तेथे त्याच प्रार्थना म्हणत माणसांनी जंगले तोडली. वाचकांना हे विधान फार सोपे वाटेल, म्हणून दाखले देतो.

ख्रिस्ती मठजीवनाचा पाया म्हणून मानली जाणारी संत बेनेडिक्ट यांची नियमावली सहाव्या शतकातील. तिचा पहिलाच शब्द 'ऐक' हा आहे. नवविधा भक्तीत श्रवणाचा क्रम पहिला, हे ज्यांच्या घरी लहानपणापासून कानांवर पडले त्यांना याचे नवल वाटणार नाही. परंतु बेनेडिक्टांच्या नियमावलीत या श्रवणाला एक व्यावहारिक अंग आहे. महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा झाल्यास मठाधिपतीने सर्वांना बोलवावे आणि वयाने सर्वांत लहान असलेल्यांचेही म्हणणे ऐकावे, असे ती सांगते. ऐकणे ही तेथे मनाची अवस्था नसून कारभाराची पद्धत आहे. या मुद्द्याकडे आम्हांस लेखाच्या शेवटी परत यावयाचे आहे.

बाराव्या शतकात जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी बिंगेनजवळ हिल्डेगार्ड या मठाध्यक्षा होऊन गेल्या (१०९८ ते ११७९). त्यांनी दृष्टान्त लिहिले, पदे रचून त्यांना चाली लावल्या, वनस्पती, प्राणी आणि पाषाण यांवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या लेखनात 'विरिडितास' असा एक शब्द वारंवार येतो. त्याचा वाच्यार्थ हिरवेपणा. झाडात जो रस चढतो तोच माणसाच्या जिवात चढतो आणि दोन्हींचा उगम एकच, असा त्यांचा भाव आहे. रोग म्हणजे शुष्कता, पाप म्हणजेही शुष्कता. आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यातील वैद्यक आणि देवघर यांच्यामध्ये जशी भिंत नव्हती तसेच हे.

हिल्डेगार्ड यांच्या आयुष्यातील अखेरचा प्रसंग आमच्या विषयाला फार जवळचा आहे. धर्मसंस्थेने बहिष्कृत केलेल्या एका गृहस्थाचे दफन त्यांनी आपल्या मठाच्या भूमीत होऊ दिले. त्या गृहस्थाचा मृत्यूपूर्वी धर्मसंस्थेशी समेट झाला होता, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठांनी ते ऐकले नाही. ११७८ साली मठावर निर्बंध आला आणि प्रार्थना गाण्याची बंदी झाली. जे म्हणावयाचे ते दबक्या आवाजात वाचावे लागे. ऐंशीच्या घरातील त्या वृद्धेने वरिष्ठांना पत्र लिहिले. गायन हे मानवाला आठवणारे स्वर्गातील स्वराचे अवशेष आहेत. योग्य कारणावाचून ते बंद करणाऱ्यांनी आपल्याला स्वर्गातील गायनात जागा मिळेल असे समजू नये, असा त्याचा आशय आहे. ११७९ साली बंदी उठली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या निवर्तल्या. हिरवेपणाविषयी बोलणारी ही साध्वी आवाज दडपला जाण्याविरुद्ध उभी राहिली, यात आम्हांस योगायोग दिसत नाही. सृष्टीचा आवाज ऐकणारा मनुष्य माणसाचा आवाज दाबला गेल्यावर स्वस्थ बसू शकत नाही. ही कसोटी पुढे आम्ही मराठी ग्रंथकारांनाही लावणार आहोत.

आता संत फ्रान्सिस यांच्याकडे वळू. त्यांच्याविषयीच्या लोकप्रिय चित्रात एक सौम्य साधू हात पसरून उभा असतो आणि खांद्यावर पाखरे बसलेली असतात. हे चित्र गोड आहे, आणि गोडपणामुळेच ते आपल्याला फसवते. फ्रान्सिस यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या सेलानोच्या थॉमस या संघबंधूने त्यांचे चरित्र लिहिले आहे. त्यातील तीन बारीक गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. पहिली, लाकडे तोडणाऱ्या बंधूंना ते सांगत की झाड बुडापासून तोडू नका, त्याला पुन्हा फुटण्याची आशा राहू द्या. दुसरी, मठाच्या बागेची सगळी जमीन भाजीपाल्याखाली आणू नका, कडेची पट्टी रानगवताला आणि रानफुलांना मोकळी सोडा, अशी त्यांची माळ्याला सूचना असे. तिसरी गोष्ट अल्व्हियानो गावची. प्रवचन सुरू करावे तर पाकोळ्यांच्या कलकलाटात काही ऐकू येईना. तेव्हा त्यांनी पाकोळ्यांना भगिनी म्हणून हाक मारली आणि तुमचे पुष्कळ बोलून झाले, आता माझी पाळी, असे विनविले.

पाकोळ्या गप्प झाल्या की नाही हा श्रद्धेचा प्रश्न आहे. तो बाजूला ठेवू. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते 'पाळी' हे तत्त्व. पाकोळ्यांचा आवाज हा त्यांच्या लेखी गोंगाट नव्हता, ते बोलणे होते, आणि ते आधी होऊ देणे त्यांना शिष्टाचाराचे वाटले. बागेच्या कडेची पट्टी हेही तेच तत्त्व आहे. आपल्या उपयोगाची नसलेली जागा दुसऱ्याच्या बोलण्यासाठी राखून ठेवणे, हे जमिनीवर लिहिलेले श्रवण होय. ज्यांनी आयुष्यभर महसुली नकाशे पाहिले त्यांना या पट्टीचे मोल सहज कळावे. नकाशावर 'पडीक' म्हणून जी नोंद होते तिच्यात कोणाकोणाचा वास असतो, हे पत्रकाच्या रकान्यात मावत नाही.

सृष्टिस्तोत्राची रचनाही अशाच श्रवणातून झाली. फ्रान्सिस तेव्हा सान दामियानो येथे आजारी होते. डोळ्यांचा विकार इतका बळावला होता की प्रकाश सोसवत नसे. ज्याला सूर्याकडे पाहणे अशक्य झाले त्याने सूर्याला बंधू म्हणून गौरविले, आणि तेही पंडितांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर गावच्या उंब्रियन बोलीत. सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी आणि धरणीमाता अशा क्रमाने हे स्तोत्र जाते. असिसीचा धर्माध्यक्ष आणि नगराध्यक्ष यांच्यात वितुष्ट आले तेव्हा क्षमेचे कडवे त्यात घालण्यात आले आणि संघबंधूंनी ते दोघांसमोर गाऊन दाखविल्यावर त्यांचा समेट झाला, असे सांगतात. अखेरीस मृत्यूलाही भगिनी म्हणून त्यात स्थान मिळाले.

या स्तोत्रात वाङ्मयीन दृष्टीने अडचणीचा एक शब्द आहे. ईश्वराच्या स्तुतीचा सूर्यचंद्रादिकांशी संबंध जोडताना कवीने 'पेर' हे अव्यय वापरले आहे, आणि त्या काळच्या बोलीत त्याचे तीन अर्थ संभवतात. सूर्यचंद्रांबद्दल स्तुती, सूर्यचंद्रांच्या द्वारे स्तुती, आणि सूर्यचंद्रांकडून स्तुती. अभ्यासकांत याविषयी दीर्घकाळ वाद आहे. इटालियन वाचक तिन्ही अर्थ एकदम मनात धरू शकतो. मराठीत मात्र प्रत्यय लावावाच लागतो. 'बद्दल' म्हणावे लागते किंवा 'कडून' म्हणावे लागते. 'बद्दल' म्हटले की माणूस बोलणारा ठरतो आणि सूर्य ही त्याला मिळालेली देणगी ठरते. 'कडून' म्हटले की सूर्य, वारा आणि पाणी हेच गाणारे ठरतात. माणूस त्या गाण्यात मागाहून सामील होणारा, आणि म्हणून आधी ऐकणारा ठरतो. आमचा कौल 'कडून' याला आहे. पाकोळ्यांना आधी बोलू देणाऱ्या संताने स्तोत्रातही तेच केले असावे, असे आम्हांस वाटते. लिन व्हाइट यांचा आरोप आणि त्यांनीच सुचविलेला उपाय यांतील अंतरही या दोन प्रत्ययांत सामावले आहे.

हे सारे युरोपातील झाले. मराठीत ही परंपरा कोठे ऐकू येते? ख्रिस्ती मराठी काव्य म्हटले की रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रथम आठवतात. फुलांमुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख सर्वांना आहेच. परंतु मराठी वाङ्मयाच्या मध्ययुगात मोडणाऱ्या ख्रिस्ती ग्रंथांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण'.

स्टीफन्स हे इंग्रज. येशूसंघाचे सभासद म्हणून ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि पुढची चाळीस वर्षे तेथेच राहून १६१९ साली वारले. १६१६ साली रायतूर येथे क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. 'पहिले पुराण' आणि 'दुसरे पुराण' असे दोन भाग आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्या असा त्याचा विस्तार आहे. जुन्या छापील आवृत्त्यांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून सिद्ध केलेल्या आवृत्तीने हा ग्रंथ पुन्हा वाचकांसमोर आला.

या ग्रंथाचा जन्म एका प्रश्नातून झाला. गोव्याच्या साष्टी प्रांतात नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न ग्रंथकाराने लपविला नाही; आरंभीच घातला आहे. पुढेही श्रोते शंका विचारतात आणि वक्ता समाधान करतो, अशा आपल्या परिचयाच्या रीतीने कथा चालते. ज्ञानदेवांपासून चालत आलेली ओवी, स्वर्गाला वैकुंठ म्हणण्याची मोकळीक आणि मराठी भाषेचा तो प्रसिद्ध गौरव हे सर्व पाहता, या परदेशी मनुष्याने साष्टीतील कीर्तनकाराचा आणि पुराणिकाचा स्वर किती वर्षे कान देऊन ऐकला असेल याची कल्पना येते. भाषेच्या बाबतीत स्टीफन्स यांच्याइतका चांगला कान असलेले ग्रंथकार आपल्याकडे थोडे.

तरीही आमची कसोटी येथे लावलीच पाहिजे. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती. इन्क्विझिशन १५६० पासून गोव्यात होते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय मारले गेले. त्यानंतर गावच्या गांवकारांना असोळणे येथील किल्ल्यात बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावण्यात आले आणि तेथे त्यांना ठार करण्यात आले. ऐकून घेण्याच्या नावाखाली बोलावून माणसांना कायमचे गप्प करण्याचा हा प्रकार ज्या प्रांतात घडला, त्याच प्रांतात स्टीफन्स त्या वेळी राहत होते. त्या श्रोत्याच्या प्रश्नात दोन गोष्टी होत्या. आम्हांला नवे पुराण द्या, ही मागणी. आणि आमचे जुने पुराण गेले, हे दुःख. स्टीफन्स यांनी मागणी ऐकली आणि तिला अजोड उत्तर दिले. दुःख त्यांनी ऐकले असेलही. पण ग्रंथात त्याला उत्तर नाही. ज्या सत्तेच्या छायेत ते लिहीत होते तिने त्यांना ते देऊही दिले नसते.

या अर्धवट श्रवणाचा ठसा ग्रंथातील सृष्टिवर्णनावरही उमटला आहे, असे आमचे वाचन आहे. मराठीच्या गौरवात रत्ने आहेत, मोगरा आहे, कस्तुरी आहे, मोर आहे, कल्पतरू आहे. सारे सुंदर आहे, पण सारे उपमान म्हणून आलेले आहे. मोर भाषेचे मोठेपण सांगण्यासाठी येतो आणि ते सांगून निघून जातो. फ्रान्सिस यांच्या स्तोत्रात वारा बंधू असतो, तुकोबांना झाडेवेली सोयऱ्याधायऱ्यांत मोजता येतात. ते नाते क्रिस्तपुराणात आम्हांस आढळत नाही. सृष्टी तेथे अलंकार आहे. हा दोष एकट्या कवीचा नाही. आपल्या पंडिती काव्यातही हेच आहे. परंतु ज्या भूमीची माणसे मोकळेपणी बोलू शकत नव्हती त्या भूमीतील झाडेही काव्यात केवळ उपमेपुरती आली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ही उणीव भरून निघाली ती साडेतीन शतकांनंतर, आणि ती आपल्या सुरतेहून रेल्वेने मुंबईस जाताना लागणाऱ्या वसईत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईतील नंदाखालचे. 'सुवार्ता' या मासिकाचे ते १९८३ पासून २००७ पर्यंत संपादक होते. 'सुबोध बायबल' हा त्यांचा ग्रंथ मराठीच्या अंगणात बायबल आणणारा. उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला काहींनी ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध केला, हेही वाचकांना स्मरत असेल. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

वसईचा तो पट्टा ज्यांनी जुन्या काळी पाहिला त्यांना केळीच्या बागा, पानवेली, भाज्यांच्या वाड्या आणि विहिरीवरचे रहाट आठवत असतील. मुंबई उत्तरेकडे सरकू लागली तशी ही जमीन इमारतींसाठी आणि विहिरींचे पाणी टँकरसाठी विकले जाऊ लागले. समुद्रकाठच्या विहिरीतून मर्यादेबाहेर उपसा झाला की गोड्या पाण्याचा दाब कमी होतो, खारे पाणी आत शिरते आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर पावसाळ्यागणिक सुधारेलच असे नाही. हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे फादर दिब्रिटो यांनी या दोन्ही गोष्टींविरुद्ध लढा दिला. त्यात ख्रिस्ती होते तसेच हिंदू होते, शेतकरी होते तसेच शिक्षक होते. प्रवचनपीठावरून उतरून रस्त्यावर येणाऱ्या धर्मगुरूला स्वकीयांचीही बोलणी खावी लागतात. तीही त्यांनी खाल्ली.

वाङ्मय म्हणून दिब्रिटो यांचे गद्य निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. उपदेशाचा सूर कधी कधी वर चढतो आणि लेख प्रवचनाकडे झुकतो. 'ओअॅसिसच्या शोधात' हे प्रवासवर्णन असो की 'नाही मी एकला' हे आत्मकथन, उत्तम पाने तीच, जेथे ते निष्कर्ष काढण्याआधी थांबतात आणि माणसांना बोलू देतात. मात्र क्रिस्तपुराणात जे झाले नाही ते येथे झाले. वसईची विहीर त्यांच्यासाठी जीवनजलाची उपमा एवढीच राहिली नाही. ती अमुक वाडीतली, अमुक घरची, पाणी खारट झालेली विहीर राहिली. हिल्डेगार्ड यांच्याविषयी जे आम्ही म्हटले ते येथे पुन्हा म्हणतो. झाडाचे ऐकणारा आणि माणसाचे ऐकणारा असे दोन निराळे कान नसतात.

येथे लेख संपविता आला असता. परंतु दुसऱ्यांना कसोटी लावून स्वतः निसटून जाणे शोभणारे नाही. शिवाय, हे सारे आपल्याकडे आधीपासून होतेच, असे म्हणून समाधान मानण्याची आपल्या मंडळींना सवय आहे, आणि सुरतकरांना तर तसे म्हणण्यास आधारही आहे. १६९० साली येथे आलेल्या ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्रीने सुरतेतील मुक्या जनावरांच्या इस्पितळाचे वर्णन आश्चर्याने लिहून ठेवले आहे. जीवदयेची ती परंपरा थोर आहे. परंतु त्याच सुरतेने २००६ च्या ऑगस्टात उकाईतून सोडलेले पाणी घराघरांत पाहिले. नदीला पसरण्यास जागा लागते ही गोष्ट काठावरच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होती. बागेच्या कडेची पट्टी आपण राखली नाही.

आम्ही तेव्हा राज्य शासनाच्या सेवेत होतो. त्याच्याही काही वर्षे आधीची गोष्ट. किनाऱ्याजवळच्या एका गावी एका कामासंबंधी ग्रामस्थांचे म्हणणे ऐकून घेण्याची सभा होती आणि टिपण करण्याचे काम आमच्याकडे होते. एक वृद्ध बाई उठल्या. विहिरीचे पाणी 'भांभरूं' झाले आहे, माणसे नाइलाजाने पितात पण बैल तोंड लावीत नाहीत, आणि हे आठ वर्षांपूर्वी नव्हते, एवढेच त्या बोलल्या. बैल तोंड लावीत नाहीत या वाक्यावर सभेत थोडे हसू झाले. आम्हीही हसलो. टिपणात आम्ही लिहिले, 'पिण्याच्या पाण्याबाबत सर्वसाधारण तक्रार.' बैल गेले, आठ वर्षे गेली, आणि 'भांभरूं' हा नेमका शब्दही गेला. मराठीतल्या 'मचूळ' या शब्दाचा तो सख्खा भाऊ. आम्हांला दोन्ही भाषा येत होत्या. त्या सभेत बेनेडिक्टांची पद्धत अक्षरशः पाळली गेली होती. सर्वांना बोलावले होते, लहानथोरांना बोलू दिले होते. ऐकणे तेवढे राहिले. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. लेखणी आमच्या हातात होती.

निवृत्तीनंतर, दिब्रिटो यांच्या निधनाची बातमी वाचल्यावर, त्या गावी जाण्याचे मनाने घेतले आणि एके दिवशी गेलो. बाई राहिल्या नव्हत्या. विहिरीवर सिमेंटचा थर घालून ती बंद केलेली होती आणि तिच्यावर पाण्याची टाकी बसविली होती. त्यांचे चिरंजीव घरी होते. आम्ही येण्याचे कारण सांगितले आणि वही काढली. कोणत्या विहिरीचे पाणी आधी बिघडले, कोणत्या शेतात कोणते पीक बंद पडले, खाडीवर पूर्वी कोणते पक्षी येत आणि त्यांना गावात काय म्हणतात, हे सर्व त्यांनी दीड तास सांगितले आणि आम्ही ते त्यांच्या शब्दांत उतरवून घेतले. उठताना त्यांनी विचारले, "साहेब, आता लिहून काय करणार?"

याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि आजही पुरते नाही. पण आपल्या मंडळात अनेक कुटुंबे अशी आहेत की ज्यांचे आजे-पणजे या जिल्ह्यात तलाठी, शिक्षक, डॉक्टर किंवा रेल्वेतील कारकून म्हणून गावोगाव राहिले. या भूमीने आपल्याला ठेवून घेतले आहे. तिचे बोलणे मराठी कानाने ऐकून, जसेच्या तसे, गुजराती शब्दांसह लिहून ठेवणे एवढे तरी आपल्या हातून होण्याजोगे आहे. ती वही आम्ही मंडळाच्या ग्रंथालयात ठेवीत आहोत. तिच्यातील पुष्कळ पाने कोरी आहेत.